सहाव्या रांगेचे बोल्ट

गोदाम हलवणं म्हणजे पोरीचं लग्न काढण्यासारखं, असं चासिब म्हणायचा. दिसायला पाच दिवसांचं काम, पण जीव खातं सहा महिने आधीपासून. बसऱ्याच्या माअकिल बंदरामागच्या त्या जुन्या गोदामात त्यानं सव्वीस वर्षं काढली होती. पाण्याचे पंप, जनरेटर, पाइपांचे भारे, नटबोल्टांच्या गोण्या. कुठल्या रांगेत कितव्या मजल्यावर काय ठेवलंय, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. आता हे सगळं झुबैर गावाच्या रस्त्यावरच्या नव्या गोदामात न्यायचं होतं आणि शुक्रवारी जुन्या जागेची किल्ली जागामालकाच्या हातात ठेवायची होती, तीही भिंतींना पांढरा हात मारून. कंपनीचा मालक सुबैह दुबईत बसून दिवसातून दहा वेळा फोन करायचा आणि दर वेळी एकच विचारायचा, किती राहिलं?

आखणी मात्र चासिबनं बिनचूक केली होती, ते नाकारून चालणार नाही. प्रत्येक पॅलेटवर, म्हणजे माल रचलेल्या लाकडी फळीवर, नव्या जागेचा नंबर. आज जायच्या मालावर लाल फुली, आणि त्यासाठी लाल स्प्रेचा डबा सदान्‌कदा त्याच्या खिशात. लॉरीत शेवटी चढणारा माल तिकडे आधी उतरणार, म्हणून भरायचा क्रमही उलटा लावलेला. रंगाऱ्यांना गुरुवारी दुपारी यायला पंधरा दिवस आधीच सांगून ठेवलेलं. माणूस हुशार होता. हुशार माणसाची अडचण एवढीच असते, की त्याला वाटतं नियम हे बाकीच्यांसाठी.

लोखंडी रॅक हलवायचा तर तो आधी वरून खाली रिकामा करायचा आणि मगच पायाचे बोल्ट काढायचे. हे चासिबनंच गोदामातल्या प्रत्येकाला शिव्या घालून घालून शिकवलं होतं. आणि त्याच चासिबनं रविवारी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, पाना घेऊन सहाव्या रांगेचे चार बोल्ट काढले. माल वर तसाच. बोल्ट गंजलेले, सकाळी काढत बसलो तर अर्धा दिवस जाईल, आणि सुबैहचा फोन येईल. आता काढून ठेवू, सकाळी हलक्या हातानं माल उतरवू. बोल्ट खिशात टाकून तो घरी गेला, जेवला आणि छान झोपला.

सोमवारी सकाळी मुनशिदनं ते पाहिलं. मुनशिद हा रोजंदारीवरचा हमाल, गोदामामागच्याच गल्लीतला, बैत शनान घराण्यातला. अठ्ठावीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, मोठ्या माणसापुढे मान वर न करणारा. तो माल बांधायचा पट्टा घ्यायला वाकला आणि वाकल्यावाकल्याच म्हणाला, "हाजी, सहाव्या रांगेचे पाय सुटे आहेत."

चार माणसांसमोर आपली चूक एका हमालानं दाखवावी! चासिबच्या मस्तकात तिडीक गेली.

"तू पाठ वापर," तो म्हणाला. "डोकं वापरायला मी आहे."

सगळे हसले. मुनशिदही हसला, बिचारा, आणि रॅकखाली जाऊन पट्टा अडकवू लागला.

फोर्कलिफ्टवर लफ्ता होता, इंजिनाच्या आवाजात त्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. लफ्ता म्हणजे चासिबच्या मेलेल्या भावाचा, शियाअचा, मुलगा. सातव्या वर्षापासून चासिबच्या घरात वाढलेला, चोवीस वर्षांचा, हात लोण्यासारखा हलका. त्यानं रॅकच्या दुसऱ्या मजल्यावरचं पॅलेट उचललं, मागे घेतलं, आणि सहावी रांग त्याच्यामागोमाग आली. सावकाश आली, हे वाईट. ओरडायला वेळ होता, पळायला नव्हता. पंधरा पंप, एकेक दोनशे किलोचा, खांबांसकट खाली आले. फरशी फुटली. धूळ खाली बसली तेव्हा मुनशिदची छाती एका पंपाखाली होती आणि एक पाय भलतीकडे वळलेला होता. तोंडातून रक्त बुडबुड्यांनी येत होतं. चासिब गुडघ्यांवर बसला, त्याचा हात धरला. मुनशिद पाव तास जिवंत होता. बोलता येत नव्हतं त्याला, नुसता बघत होता. रागानंही नाही. सांगितलं होतं ना, असं. चासिबला तेवढं पुरलं.

बाकीचे लोखंड उचलायला धावले होते. त्या गोंधळात, मुनशिदचा हात डाव्या हातात धरून, चासिबनं उजव्या हातानं खिशातले चार बोल्ट काढले आणि हळूच मोडतोडीत सरकवले. मरणाऱ्याचा हात हातात असताना! मी हे सांगतोय तर माझीच जीभ जड होतेय.

लफ्ता खाली उतरून भिंतीशी ओकत होता. ओठ पुसत आला, आणि पांढराफटक पडून त्यानं विचारलं, "काका, माझा फोर्क लागला का हो खांबाला?"

चासिबनं वर पाहिलं.

"लागला असेल," तो म्हणाला. "आता काही बोलू नकोस."

पोलिसांनाही त्यानं तेच सांगितलं. लागला असेल. त्या 'असेल'च्या आडोशाला तो पुढचे तीन दिवस उभा राहिला; सकाळी हसलेल्यांनीही नोकरीपायी तोंड उघडलं नाही.

पोलीस कागद करून गेले, त्यांचं काम तेवढंच. रक्ताचा न्याय आमच्याकडे कागदावर होत नाही. लफ्ताचं नाव गल्लीत पोचलं, आणि तासाभरात मुनशिदचा थोरला भाऊ गदबान पाच गाड्या भरून आला. आधी गेटवर गोळ्या झाडल्या, पत्र्याची चाळण झाली. दारवान खलफ आडवा आला, त्याचा हात बंदुकीच्या दस्त्यानं कोपरात मोडला. मग फोर्कलिफ्टवर डिझेल ओतून पेटवून दिली. लफ्ताला चासिबनं मागच्या खिडकीतून आधीच घरी पिटाळलं होतं, म्हणून वाचला. जाताना गदबाननं रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लाल रंगानं लिहिलं: 'इथे रक्ताचं मागणं आहे. लफ्ता बिन शियाअ. बैत शनान.'

अशी भिंत एकदा लिहिली गेली, की तिच्याजवळ कुत्रंसुद्धा थांबत नाही. ती जागा कोणी विकत घेत नाही, भाड्यानं घेत नाही. ते लिखाण पुसायचा हक्क फक्त लिहिणाऱ्याचा, तोही समेट झाल्यावर. दुसऱ्यानं पुसलं तर त्याचा अर्थ एकच: तुमचं मेलेलं माणूस आम्ही मोजत नाही.

चासिबच्या घराण्यातली वडीलधारी माणसं शरण आल्याची खूण म्हणून डोक्याची वस्त्रं गळ्यात टाकून बैत शनानच्या शेख मिझहरकडे गेली. खूप विनवण्यांनंतर अतवा मिळाली, म्हणजे तीन दिवसांची अभयमुदत. गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत लफ्ताच्या केसाला धक्का लागणार नाही, त्यानं चासिबचं घर सोडायचं नाही, आणि सूर्य मावळल्यावर दोन्ही घराणी समेटाला बसतील. मालाचं काय, हे चासिबनं भीतभीतच विचारलं. त्या दुःखातही याला माल सुचत होता.

"माल परक्याचा आहे, घेऊन जा," म्हातारा शेख म्हणाला. "भिंत आमची आहे."

मंगळवारी भाड्याची फोर्कलिफ्ट आणून चासिबनं काम पुन्हा चालू केलं. पन्नास अंशांच्या उन्हात लॉऱ्या झुबैरच्या रस्त्यानं ये-जा करत होत्या. फुल्या मारताना, नंबर लावताना त्याला बरं वाटायचं. तेवढा वेळ मुनशिद बघत नसायचा. घरी आलं की मात्र लफ्ता होता. कोपऱ्यातल्या गादीवर गुडघे छातीशी घेऊन बसलेला. चासिबची बायको फख्रिया भात आणि भेंडीचं मटण त्याच्यापुढे ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. चासिब जेवायचा. मान खाली घालून, पण जेवायचा.

मनाशी त्यानं सगळं नीट बसवून घेतलं होतं. अपघात तो अपघात, फोर्कनं काय नि बोल्टनं काय. समेटात मिटेल. आपण तोंड उघडलं तर मात्र मिटणार नाही. माल असताना बोल्ट काढले, सांगणाऱ्याला हिणवलं, वर पुरावा लपवला. याला कोणी अपघात म्हणणार नाही. पोरगं तरुण आहे, निभावून नेईल. मूग गिळून बसायला माणसाला कारणं हवी असतात, ती त्याला ताटातल्या भाताइतकी सहज मिळत होती.

बुधवारी सकाळी तो निघताना लफ्तानं विचारलं, मुनशिदची मुलं केवढी आहेत. लहान आहेत, असं म्हणून चासिब चपला शोधू लागला.

"काका, मुदत संपली की मीच त्यांच्या दारात जाणार आहे," लफ्ता म्हणाला. "समेट नको मला. माझ्या हातून मेला तो. मला मारू देत त्यांना."

फख्रियानं तोंडावर ओढणी घेतली. चासिबनं चपला घातल्या. वेड्यासारखं बोलू नकोस, असं काहीतरी पुटपुटून तो बाहेर पडला. त्या दिवशी तीन पॅलेटांवर चुकीचे नंबर लागले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवारी दुपारी तीनला शेवटची लॉरी नव्या गोदामात उतरत होती. सगळा माल जागच्या जागी. सुबैहनं फोनवर शाबासकीसुद्धा दिली. पाठोपाठ दुसरा फोन आला, खलफचा. मोडक्या हातानिशी तो जुन्या जागेवर राखण करत होता. चहा प्यायला कोपऱ्यापर्यंत गेलो होतो, तो रडकुंडीला येऊन सांगत होता, परत येऊन बघतो तर भिंत पांढरी झालीय, हाजी.

रंगारी! पंधरा दिवसांपूर्वी सांगून ठेवलेले रंगारी. सगळ्या यादीतलं हे एकच काम रद्द करायचं राहिलं होतं. लफ्ताची मुदत त्या भिंतीवर उभी होती, आणि ती भिंत त्यानंच, चोख आखणी करून, पुसून घेतली होती.

गाडी त्यानं कशी हाकली हे त्यालाही आठवत नाही. दोन वेळा समोरून येणाऱ्या टँकरखाली जाता जाता वाचला. पोचला तेव्हा तिघे रंगारी गाणं म्हणत होते, एक शिडीवर, दोघे खाली. बांगलादेशातून आलेली साधी माणसं. त्यांचा मुकादम मोफिज्जुल हसतच पुढे आला. मोडक्या अरबीत म्हणाला, अक्षरं दिसली तेव्हा आधी नीट बघितलं, अल्लाहचं नाव तर नाही ना, कुठे नव्हतं, मग दोन हात जास्त मारले, हाजी, लाल रंग फार वर येतो. बिचाऱ्याला कुराण वाचता येत होतं, आमची भांडणं वाचता येत नव्हती.

पळा म्हणायला चासिबनं तोंड उघडलं, तोच गल्लीतून गाड्या आल्या. गदबानला बातमी द्यायला वेळ तो किती लागणार, घर मागेच. तो उतरला, त्यानं भिंतीकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता शिडीला लाथ घातली. वरचा माणूस तोंडावर पडला. मोफिज्जुल हात जोडत होता. गदबानच्या माणसांनी त्याला रंगाच्या बादलीत तोंड बुडवून धरलं, बाहेर काढलं, पुन्हा बुडवलं. तिसरा पळाला, त्याच्या पोटरीत गोळी गेली. पांढरा रंग आणि रक्त फरशीवर एकत्र वाहत होतं, आणि चासिब मधे पडत ओरडत होता, की यांना काही माहीत नाही, मी सांगितलं होतं, मीच सांगितलं होतं.

"तू सांगितलंस," गदबान म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली होता. "बरं झालं. अतवा तुम्हीच पुसलीत."

त्यानं फोन कानाला लावला. पलीकडे त्याचे दोन चुलतभाऊ चासिबच्या दारात उभे होते. दार फोडा, एवढंच तो म्हणाला, आणि फोनमधून दार फुटल्याचा आवाज आला. मग फख्रियाची किंकाळी. मग लफ्ताचा आवाज, शांत: मी येतो, तिला सोडा.

चासिबच्या आतलं काहीतरी त्या शांत आवाजानं तुटलं. पोरगं मरायला निघालं होतं. धाडसानं नाही, आपण खुनी आहोत या समजुतीनं. आणि ती समजूत चासिबनं त्याला दिली होती, एका 'असेल'नं.

त्यानं खिशातून लाल स्प्रे काढला. गदबानच्या माणसांना वाटलं हत्यार आहे, एकानं बंदुकीचा दस्ता त्याच्या बरगड्यांत घातला. तो वाकला, तसाच भिंतीपर्यंत गेला आणि ओल्या पांढऱ्यावर लिहू लागला. रंग ओघळत होता. इथे रक्ताचं मागणं आहे. तिथवर सगळे नुसते बघत राहिले. मग त्यानं नाव लिहिलं. चासिब बिन जबर. बैत शनान.

"हे काय?" गदबाननं विचारलं.

चासिब भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"पोराचा फोर्क लागला नव्हता. रॅकचे बोल्ट मी काढले होते, आदल्या दिवशी, माल वर असताना. तुझ्या भावानं पाहिलं. त्यानं मला सांगितलं."

"सांगितलं?"

"म्हणाला, हाजी, पाय सुटे आहेत. मी म्हटलं, तू पाठ वापर, डोकं वापरायला मी आहे. सगळे हसले. तोही हसला आणि खाली गेला. नंतर मी बोल्ट मोडतोडीत टाकले. एका हातात त्याचा हात होता."

पोटरीत गोळी लागलेला रंगारी कण्हत होता. गदबाननं फोन पुन्हा कानाशी नेला. पोराला हात लावू नका, म्हणाला, इकडे घेऊन या. मग फोन खिशात ठेवला, बंदूक उलटी धरली आणि दस्ता चासिबच्या तोंडावर मारला. जबडा मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानं ऐकला. चासिब खाली बसला. गदबाननं आणखी दोनदा मारलं, खांद्यावर आणि पुन्हा तोंडावर, आणि चौथ्या वेळी उगारलेला हात तसाच खाली आला.

"मुनशिद कधी मोठ्या माणसाला उलट बोलायचा नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, भित्रा आहे. आणि तो तुला बोलला. चार माणसांत बोलला. त्याला किती जड गेलं असेल ते, नालायका." आणि तो धाय मोकलून रडू लागला, बंदूक मांडीवर घेऊन, तिथंच फरशीवर बसून. तीन दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता.

लफ्ताला गाडीतून उतरवलं तेव्हा त्याचा एक डोळा सुजून मिटला होता आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकडी लोंबत होती. हात लावू नका, हा निरोप त्या हाताला थोडा उशिरा पोचला होता. तो सरळ गदबानपुढे जाऊन उभा राहिला, मान खाली घालून. वार घ्यायला आलेल्या माणसासारखा.

"वाच," गदबान म्हणाला.

लफ्तानं भिंत वाचली. एकदा, मग बोट न लावता अक्षर अक्षर पुन्हा. मग खाली पडलेल्या काकाकडे वळला.

"माझा फोर्क लागला नव्हता?"

चासिबला बोलता येत नव्हतं. रक्तानं तोंड भरलं होतं. त्यानं मान हलवली. नाही.

"तीन दिवस मी तुमच्यासमोर बसलो होतो, काका," लफ्ता म्हणाला. तो तिथंच खाली बसला, गदबानपासून हातभर अंतरावर, आणि त्याच्या खांद्यांना असा हिसका बसू लागला, की गदबानच्या माणसांनी माना फिरवल्या. चासिबनं हात पुढे केला. फरशीवरून थोडा सरकलाही. लफ्तानं पाय जवळ ओढून घेतले.

शेखना बोलवा, समेट आता या म्हाताऱ्याच्या नावानं होईल, तोवर याला दवाखान्यात टाका, गदबाननं आपल्या माणसांना सांगितलं. रंगाऱ्यांनाही न्या. मग डोळे पुसून तो लफ्ताकडे वळला.

"जेवलास का काही?" त्यानं विचारलं.

"सोमवारपासून नाही," लफ्ता म्हणाला. "घशाखाली उतरत नव्हतं."

"माझ्याही," गदबान म्हणाला. तो उठला, पोराच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि आपल्या घराच्या गल्लीकडे घेऊन निघाला. चासिबला दोघांच्या पाठी दिसत होत्या. लफ्ता एकदा तरी मागे वळेल म्हणून तो बघत राहिला, आणि ते दोघं कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.